शेवटचं प्रकरण, आहे तसं

तुम्ही दोघं दर वेळी फोनवर विचारता, "आजी, पाठवलेल्या पुस्तकांतलं कुठलं आवडलं?" आणि मी दर वेळी "सगळीच चांगली आहेत" म्हणून जेवणाखाण्याकडे वळते. असं मोघम उत्तर माझ्या वर्गात कोणी दिलं असतं तर मी वहीवर लाल रेघ ओढली असती. म्हणून आज बसून लिहिते आहे. आवडलं की नाही ते अजून सांगता येत नाही, पण जे विसरता येत नाही ते पुस्तक म्हणजे मुखपृष्ठावर निळी होडी असलेली ती जाड कादंबरी.

ती पार्सलने आली त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे आधी तिला खाकी कव्हर घातलं. मग शेवटचं कोरं पान उघडून त्यावर पेन्सिलीने पात्रांची यादी करायला जागा आखली. ही सवय कॉलेजातली. कोल्हापूरच्या वसतिगृहात राहून मी इंग्रजी घेऊन बी. ए. करत होते. तेव्हाच्या कादंबऱ्यांत माणसं इतकी असायची, आणि प्रत्येकाला तीन-तीन नावं, की यादी केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्या पुस्तकांत बर्फ पडायचा, माणसं शेकोटीपुढे पाय पसरून बसायची. तिथल्या माळावरच्या झुडपांची नावं मला पाठ होती. आमच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, वाढणाऱ्या झुडपांना इंग्रजीत काय म्हणतात हे मात्र कोणी विचारलं असतं तर मी गप्प बसले असते. आपल्यासारख्या माणसांवर इंग्रजीत लिहिलेलं काही माझ्या हाती तोवर आलंच नव्हतं.

आता तुम्ही पाठवता ती सगळी आपल्याच देशातल्या लेखकांची. बहुतेकांत कोणीतरी कोणालातरी दाबून ठेवलेलं असतं, आणि दबलेला माणूस नशिबाकडे बघत बसलेला असतो. तुमचे आजोबा होते तेव्हा मला म्हणायचे, "एवढं दुःख बघायला चष्मा कशाला लागतो तुला? खिडकी उघडीच आहे की." आणि तरी मी जेवायला उठले की माझी खूण कुठे आहे ते बघून तेवढीच पानं चोरून वाचायचे. त्यांच्या बोटांचे तपकिरीचे डाग अजून काही पुस्तकांत आहेत. ते गेल्यावर दुपार फार मोठी झाली.

ती दुपार भरून काढली ती पलीकडच्या वाडीतल्या एका बाईने. तुम्ही तिला पाहिलं आहे. मागच्या सुट्टीत तुम्हाला ओल्या काजूंची उसळ करून घालणारी तीच. ती माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. नवरा गोव्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात, वर्षातून दोनदा घरी यायचा. घरात थोरल्या दिरांचा शब्द चालायचा. ती माझ्याकडे दुपारी दोनला यायची आणि पडवीत बसून माडाच्या चुडतांचे, म्हणजे झावळ्यांचे, हीर काढायची. हीर म्हणजे पातीच्या मधला कडक दांडा. कोयतीच्या एका ओढीत ती पात सोलून तो मोकळा करायची, आणि त्याच्या आम्ही केरसुण्या बांधायचो. ती हीर काढायची, मी आरामखुर्चीत वाचत बसायचे. एक दिवस ती म्हणाली, "बाई, मोठ्यान वाचा. मनात वाचूक काय चोरी करतास?"

"इंग्रजी आहे गो ह्यां."

"मगे मालवणीत वाचा. तुमका दोनय येतत ना?"

असं ते सुरू झालं. डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं आणि तोंडाने मालवणी बोलायचं. तीस वर्षं मी मुलांना भाषांतर शिकवलं, पण ते खरं जमलं त्या पडवीत. पहिल्या पुस्तकाला मी फार अडखळले. तिसऱ्यापर्यंत इतकी सराईत झाले की कधीकधी मला वाटायचं, लेखकाने ते आधी मालवणीतच मनात आणलं असेल.

ऐकणारी मात्र सोपी नव्हती. एका पुस्तकात लावणी झाल्यावर चार पानांत कापणी आली, तर ती कोयती खाली ठेवून म्हणाली, "लिवणारो कधी चिखलात उतराक नाय. चार दिसांनी भात कोण कापता? तेका सांगा, आमच्याकडे येऊन एक पावस काढ." निळ्या होडीच्या पुस्तकातल्या मालकावर तर तिचा पहिल्या दिवसापासून राग.

त्या कादंबरीची गोष्ट थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. (तुम्ही ती न वाचताच पाठवली होती, असा माझा दाट संशय आहे.) एका मोठ्या नदीच्या काठी गाव. पूल नाही. पलीकडे बाजार, दवाखाना, शाळा. पलीकडे नेणारी होडी एकच, आणि ती मालकाची. कोणी जायचं, कोणी नाही, हे मालक ठरवणार. होडी वल्हवणारा नावाडी गावातलाच गरीब माणूस, आणि त्याच्या मुलीला शिकायला पलीकडे जायचं असतं.

"ह्येका मालक कोणी केल्यान?" ही विचारायची. "होडी बांधल्यान सुतारान, वल्ही मारता नावाडी. आणि मालक ह्यो? बसान खाता म्हणान?"

"वाडवडलांपासून तसां आसा, असं लिवलां हा."

"वाडवडलांक काय विचारूक जातलो आता!"

आम्ही दोघी खूप हसायचो. त्या भाद्रपदात गणपती जाऊन आठ दिवस झाले होते, चुडतांचा ढीग पडवीच्या कोपऱ्यात माझ्या खांद्याएवढा होता, आणि पुस्तकाची साठेक पानं राहिली होती. मी कधीही शेवटचं पान आधी वाचत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आईला लहानपणी त्यावरून मी मारलंसुद्धा होतं.

त्याच आठवड्यात तिच्या मुलीला कोल्हापूरच्या नर्सिंग कॉलेजचं पत्र आलं. मुलगी बारावी झालेली, हुशार, अबोल. रविवारी माझ्याकडे इंग्रजीला यायची. प्रवेश मिळाला होता, वसतिगृहात जागा होती, पुढच्या गुरुवारपर्यंत हजर व्हायचं होतं. आई पत्र पदरात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आली आणि मला तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "भावोजी म्हणतत, कौल लावया."

तुम्ही तिकडे शहरात वाढलात, म्हणून सांगते. आमच्याकडे मोठ्या कामाआधी ग्रामदेवतेला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणाला भिजवलेल्या बारीक कळ्या चिकटवतो, डावीकडे आणि उजवीकडे. मानकरी, म्हणजे देवळात मान असलेल्या घरांतले कर्ते पुरुष, समोर उभे राहून प्रश्न घालतात. मग सगळे वाट बघतात. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आमच्या लग्नाचा कौलही असाच लावला होता. उजवा पडायला पाऊण तास लागला म्हणे. तुमचे आजोबा आयुष्यभर त्यावरून मला चिडवायचे.

तिचे थोरले दीर मानकऱ्यांपैकी. माणूस वाईट नाही. पण घरातली मुलगी घाटावर एकटी राहणार, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. तिने नवऱ्याला फोन लावला. तिकडून भांड्यांच्या आवाजात उत्तर आलं, "दादा काय म्हणता तां कर."

शुक्रवारी सकाळी कौल लागला. त्याच सकाळी मी माझा नियम मोडला. काही सुचत नव्हतं. पुस्तक उघडलं आणि उभ्या उभ्या शेवटचं प्रकरण वाचून काढलं. वाचून झाल्यावर खुर्चीत बसले ते चहा गार होईपर्यंत.

दुपारी दोनला ती आली. चूडत ओढून घेतलं. कोयती चालवायला लागली.

"डावो दिल्यान," म्हणाली.

देवळातल्या गोष्टीत मी कधी तोंड घातलेलं नाही.

"वाचा बाई," ती म्हणाली. "त्या चेडवाचा काय झालां तां तरी कळांदे. आज पुरां करून टाका."

मला मधली पानं वाचायलाच तास लागला. मग शेवटचं प्रकरण आलं. पहाट आहे, मुलगी बापाच्या होडीत बसली आहे, मांडीवर पाटी-पुस्तकांचं गाठोडं, नदी फुगलेली. पुस्तकात जे होतं ते मी दहा ओळींपर्यंत सांगितलं. मग माझ्या तोंडाने वेगळी वाट धरली. मी होडी पलीकडे लावली. मुलगी चिखलात उतरली, बापाने गाठोडं तिच्या डोक्यावर दिलं, ती चढण चढून गेली. एवढं सगळं मी मनाने रचलं, आणि डोळे पानावर ठेवून, मधून पान उलटून, अगदी सावकाश सांगितलं. मला वाटलं, हे ऐकून तिला धीर येईल.

"पोचली?" तिने विचारलं.

"पोचली."

तिने बराच वेळ हातातला हीर नखाने साफ केला. "बरां झालां," म्हणाली. "नशिबात होतां तिच्या, म्हणान पोचली. सगळ्यांच्या नशिबात तसां नसता. माझ्या चेडवाक डावो इलो. तेका कोण काय करतलो?"

आणि केरसुण्या बांधून, पडवी झाडून, ती गेली. मी तिथेच. तिला उभं करायला म्हणून जी गोष्ट मी सांगितली, ती ऐकूनच ती खाली बसली होती.

रविवारी मुलगी नेहमीसारखी इंग्रजीला आली. तिला व्याकरणात लक्ष नव्हतं आणि मलाही. मी चहा करायला आत गेले. बाहेर आले तर ती खाकी कव्हरचं पुस्तक मांडीवर घेऊन, ओठ हलवत, ओळीखाली बोट सरकवत शेवटचं प्रकरण वाचत होती. आईने घरी शेवट सांगितला होता, तो मूळ इंग्रजीत कसा आहे ते तिला बघायचं होतं. मीच शिकवलं होतं तिला, मूळ वाक्य बघावं म्हणून. तिने पुस्तक मिटलं, माझ्याकडे बघितलं, चहा प्यायली आणि "येतंय बाई" म्हणून निघाली.

अर्ध्या तासात दोघी आल्या. आई पडवीत बसली नाही, खांबाला धरून उभी राहिली.

"बाई, त्या पुस्तकात होडी पोचली?"

"नाय."

"मगे तुमी कित्याक पोचवलात?"

"तुका बरां वाटात म्हणान."

ती हसली, पण ते हसू मला बघवलं नाही. "गुरवान कळो जरा जास्त दाबून बसवल्यान, असा आमी मागसून बोलतांव. तुमीय आंगठो दाबलात गो बाई. चार बुकां शिकान."

तुमच्या आजीला साठ वर्षांत कोणी इतकं खरं सुनावलं नव्हतं. मी खाली बघून म्हटलं, "चुकलां माझां."

"बसा," ती म्हणाली, माझ्याच घरात मलाच. "आता वाचा. आसा तसां. मधे काय घालू नकात, काय काढू नकात."

मुलगी उंबऱ्यावर बसली. आईने कोपऱ्यातलं चूडत ओढलं, रविवार असूनही, कारण हात रिकामे ठेवून ऐकायची तिला सवय नव्हती. मी वाचलं. पहाट. फुगलेली नदी. होडी मध्यावर येते. पलीकडचा काठ दिसतो, काठावर शाळेचं कौलारू छप्पर दिसतं. नावाडी वल्हं थांबवतो. मुलगी विचारते, काय झालं? तो मागे बघतो. गावात मालकाच्या घरी दिवा लागलेला आहे, बस्स. मग तो होडी वळवतो.

कोयती थांबली. "मालकान सांगल्यान होतां?"

"नाय."

"मालक काठार इलेलो?"

"नाय. तो घरात चाय पीत होतो. लिवलां हा तसां. तेका ठावकच नाय होडी गेली ती."

"मगे होडी फिरवल्यान कोणी?"

"बापाशीन."

"आपल्या हातान?"

"आपल्या हातान."

उंबऱ्यावरून मुलीचा आवाज आला, "पाणी पण तेच्या बाजूक होतां, आये. लिवलां हा थंय. भरती होती, होडयेक पलीकडेच ढकलीत होती." हे मी वाचताना गाळलं नव्हतं, पण माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आईने ते पूर्ण चूडत सोललं, हीर एका जुडीत बांधले, पाती ओंजळीत भरून मागच्या दारी टाकून आली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "उद्या सकाळी देवळात येशात?"

सोमवारी देवळात फार माणसं नव्हती. गुरव, दोन म्हातारे मानकरी, तिचे दीर, आणि सभामंडपाच्या खांबापाशी आम्ही तिघी. तिच्या हातात नारळ होता.

"परत कौल?" दीर म्हणाले. "देवाक कितीदा विचारतलंस? एकदा सांगल्यान ना?"

"कौल नको भावोजी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पदरही ढळू दिला नाही. "माका काय विचारूचां नाय. गाऱ्हाणां घालूचां आसा. चेडू बुधवारी जातलां. तेका सांबाळ, इतक्याच सांगूचां."

"आणि देव नको म्हणालो तर?"

"गाऱ्हाण्याक देव उत्तर देणा नाय, भावोजी. आयकता फकस्त."

दिरांनी गुरवाकडे बघितलं. गुरव सत्तरीचा, तोंडात पान. त्याने पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "तां खरां आसा," म्हणाला, आणि तिच्या हातातला नारळ घेतला.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेलं मागणं. एकेक वाक्य गुरव म्हणतो आणि प्रत्येक वाक्याला समोर उभे असलेले सगळे होकार भरतात. ती रीत इतकी हाडात मुरलेली की देवळाबाहेरून जाणारा माणूससुद्धा पायरीवर थांबून होकार देऊन जातो. गुरवाने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! आज ह्यां लेकरू तुझ्या पायार इलां हा..."

"होय म्हाराजा!"

"शिकूक घाटार जाता हा, तेच्या वाटेक आडवां येयत तां दूर कर..."

"होय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज तिच्या दिरांचा. मानकऱ्याने होकार पुढे होऊन द्यायचा असतो, आणि चाळीस वर्षं ते देत आले होते. दुसऱ्या होकारानंतर त्यांच्या लक्षात आलं असावं आपण कशाला होय म्हणतो आहोत ते, कारण तिसरा जरा हळू आला. चौथा पुन्हा पहिल्यासारखा. देवळातून निघताना ते कोणाशी न बोलता पुढे गेले. बुधवारी सकाळी मात्र मुलीची पत्र्याची ट्रंक त्यांच्याच खांद्यावर होती.

कट्टा गावच्या स्टँडवर आम्ही गाडीच्या अर्धा तास आधी पोचलो. कणकवलीला उतरून पुढची गाडी फोंडाघाटातून वर. मी त्याच वाटेने कॉलेजला जायचे. तेव्हा माझे वडील ट्रंक टपावर चढवायला स्वतः शिडीवर चढायचे आणि मी खिडकीतून त्यांच्या धोतराची टोकं तेवढी बघायचे. ट्रंक आणणारे काका वाकून मुलीला म्हणाले, "घाटात खिडकीबाहेर डोक्यां काढू नको. आणि थंयची मिसळ खाऊ नको, तिखाट जाळ असता." मुलगी पहिल्यांदा हसली. आईने तिला पोहे-गुळाचा डबा दिला, तोंडावरून हात फिरवला, आणि गाडी सुटल्यावर धूळ बसेपर्यंत तशीच उभी राहिली.

परतताना रिक्षात ती माझ्या शेजारी बसली होती. तोंड बाहेर वळवलेलं. मला वाटलं रडते आहे. तर एकदम म्हणाली, "बाई, माका एक सांगा. त्या नावाड्याची बायल खंय होती?"

"म्हणजे?"

"चेडू घरातून गाठोडां घेवन भायर पडलां, पहाटेक. आवस उठूक नाय? तिणां काय म्हटल्यान? तिणां काठार येवन बघूक नाय?"

घरी आल्यावर मी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि पुस्तक उघडलं. शेवटच्या पानावरची माझी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मालक, त्याचे दोन मुलगे, कारभारी, पुजारी, पलीकडचे मास्तर, सुतार, नावाडी, मुलगी. मग कादंबरी पुन्हा पहिल्यापासून चाळली, त्याला दोन दिवस लागले. आईचा उल्लेख सगळ्या पुस्तकात एका ओळीत सापडला. ती चुलीपाशी होती, एवढाच.

त्याला आता चार वर्षं झाली. मुलगी कोल्हापुरातच एका दवाखान्यात नोकरीला लागली आणि या उन्हाळ्यात आईला आपल्याकडे घेऊन गेली. दुपारी दोन वाजले की मी अजून फाटकाकडे बघते. पडवीच्या कोपऱ्यात चुडतं पडून वाळली आहेत, हीर काढायला कोणी नाही, केरसुण्या मी बाजारातून आणते आणि त्या महिन्याभरात मोडतात. वाचते मी रोज, पण मनात.

तुमचं पुस्तक कपाटात वरून दुसऱ्या खणात आहे. याल तेव्हा शेवटचं कोरं पान बघा. यादीच्या खाली, पेन्सिलीने, मी एक ओळ वाढवली आहे: "नावाड्याची बायको. कुठे होती?" आणि पुढे तिचं उत्तर लिहायला जागा सोडली आहे.